जादूगाराचे तीन अवतार



जुनी गोष्ट नव्याने सांगण्याचा उद्योग आपल्या प्रांताला नवा नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' संगीतात उभे केले, तेव्हा शकुंतलेचे पुढे काय होणार या उत्सुकतेने नाटकाला गेलेला प्रेक्षक क्वचितच असेल. कथा सर्वांना पाठ होती. लोकांना हवी होती ती आपल्या भाषेतली, आपल्या ओळखीच्या साक्या-दिंड्यांच्या चालीवर बोलणारी शकुंतला. ती त्यांना मिळाली, आणि कालिदासाची नायिका महाराष्ट्राच्या घरातली झाली.

यातून एक प्रश्न उभा राहतो, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. जुनी गोष्ट नव्या सुरांत सांगितली म्हणजे तिचा केवळ पोशाख बदलतो, की तिचा अर्थही बदलतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी आपल्याला जरा दूर, अमेरिकेत नेणार आहे. तिथे एका परीकथेचे पाऊणशे वर्षांत तीन अवतार झाले. पहिला १९०० सालच्या पुस्तकाचा, दुसरा १९३९ सालच्या बोलपटाचा आणि तिसरा 'द विझ' या संगीतिकेचा. ही संगीतिका १९७५ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आली आणि १९७८ साली तिचा चित्रपट झाला. या तिसऱ्या अवतारात गोष्ट सांगणारे लोकच बदलले. ती कृष्णवर्णीय अमेरिकनांनी आपल्या 'सोल' संगीतात सांगितली, आणि मग त्या गोष्टीच्या पोटात दडलेला एक निराळाच प्रश्न वर आला.

प्रथम मूळ कथा. कॅन्ससच्या उजाड माळावर डोरोथी नावाची पोरकी मुलगी काका-काकूंजवळ राहते. एके दिवशी वावटळ येते आणि त्यांची लाकडी झोपडी, मुलगी व टोटो नावाच्या तिच्या कुत्र्यासकट, उचलून ओझ नावाच्या अद्भुत देशात नेऊन टाकते. झोपडी पडते ती एका दुष्ट चेटकिणीच्या अंगावर. चेटकीण मरते आणि तिचे चांदीचे जोडे डोरोथीच्या पायांत येतात. मुलीला हवे असते फक्त घर. पाचूच्या नगरीतला महाजादूगार तेवढे देऊ शकेल, असे कळल्यावर ती पिवळ्या विटांच्या रस्त्याने निघते. वाटेत तिला तिघे सोबती भेटतात. बुजगावण्याला मेंदू हवा आहे, पत्र्याच्या माणसाला हृदय हवे आहे, सिंहाला धैर्य हवे आहे. शेवटी महाजादूगार निघतो एक साधा, घाबरट भोंदू! ज्याला जे हवे होते ते त्याच्याजवळ आधीपासूनच होते, आणि डोरोथीला घरी नेणारे जोडे पहिल्या दिवसापासून तिच्याच पायांत होते. आपल्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तोच हा प्रकार.

ही कथा लिहिली लायमन फ्रँक बॉम यांनी. बॉम हे बऱ्याच उद्योगांत हात पोळलेले गृहस्थ होते. डकोटाच्या कोरड्या मुलखात, ॲबर्डीन गावी, त्यांनी दुकान काढले, ते बुडाले. वृत्तपत्र चालवले, तेही बंद पडले. १८९१ साली ते शिकागोला आले आणि १९०० साली डेन्स्लो यांच्या चित्रांसह त्यांचे हे पुस्तक निघाले. दुष्काळी माळाचा करडा रंग त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, म्हणूनच तो त्यांच्या पहिल्या पानांवर इतका खरा उतरला. बाजाराचा भपकाही ते ओळखून होते. त्यांच्या पाचूनगरीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरव्या काचांचा चष्मा चढवून कुलूप लावतात. नगरी हिरवी दिसते ती त्या चष्म्यामुळे!

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे. घराच्या ओढीची ही कोमल कथा लिहिणाऱ्या याच गृहस्थांनी, ॲबर्डीनच्या आपल्या वृत्तपत्रात, १८९० च्या डिसेंबरात आणि १८९१ च्या जानेवारीत, मूळच्या इंडियन जमातींचा समूळ नायनाट करावा असे अग्रलेख लिहिले होते. वूंडेड नीच्या कत्तलीच्या आगेमागेचे ते दिवस होते. ज्या माळावर डोरोथीचे घर उभे राहिले, तो माळ त्यापूर्वी कोणाचे तरी घर होता, ही गोष्ट त्या परीकथेत कोठेच नाही. मी हे पुस्तकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी सांगत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की 'घर' हा शब्द दिसतो तितका निरागस नसतो. तो उच्चारताना कोणाचे घर, हे विचारावे लागते.

दुसरा अवतार १९३९ सालचा. मेट्रो-गोल्डविन-मेयर या बड्या कंपनीने व्हिक्टर फ्लेमिंग यांच्या दिग्दर्शनाखाली हा बोलपट काढला. सोळा वर्षांची जूडी गार्लंड त्यात डोरोथी झाली. रंगीत चित्रणाचे ते नवलाईचे दिवस होते, म्हणून चांदीच्या जोड्यांचे माणकांचे लाल जोडे झाले. पडद्यावर लाल रंग खुलतो एवढेच त्याचे कारण. हॅरल्ड आर्लेन यांच्या चाली अमेरिकेच्या तोंडी बसल्या. १९५६ पासून हा बोलपट दूरचित्रवाणीवर दिसू लागला आणि पुढे त्याचे वार्षिक प्रक्षेपण म्हणजे घरोघरचा एक सणच होऊन बसला. मंदीने पोळलेल्या देशाला त्याने दिलासा दिला तो असा, की जगात कितीही रंग असोत, आपले घर ते आपले घर. डोरोथी शेवटी आपल्या बिछान्यात जागी होते. सारे स्वप्न होते, घर जागच्या जागी होते.

पण त्या वेळच्या हॉलिवूडमध्ये घर सर्वांचे नव्हते. त्याच वर्षी, त्याच फ्लेमिंग यांच्या नावावर 'गॉन विथ द विंड' प्रदर्शित झाला. त्यातील मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅक्डॅनियल यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. परंतु १९४० सालच्या त्या समारंभात त्यांना इतर नटनट्यांपासून वेगळ्या मेजावर बसवले होते. पुढे १९४२ च्या सुमारास लीना हॉर्न ही रूपवती गायिका मेट्रो-गोल्डविन-मेयरमध्ये आली. तिची गाणी कथेपासून अलग अशी चित्रित करीत, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांत तेवढा तुकडा कापून उरलेला बोलपट बिनबोभाट दाखवता येई! लीना हॉर्न हे नाव आपण ध्यानात ठेवावे. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता ज्यांच्या तोंडी ही गोष्ट पुढे गेली, त्या लोकांकडे वळू. गुलामगिरीच्या काळात आई एका मळ्यावर आणि मूल दुसऱ्या मळ्यावर विकले जाई. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील त्या मुक्तिकार्य करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु बेडी तुटली तरी घर मिळाले असे नाही. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतील जाचाला कंटाळून उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांत आले. न्यूयॉर्कमधले हार्लेम ही त्यांची मोठी वस्ती. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथून हार्लेम पायी जाण्याच्या अंतरावर आहे. अशा समाजाला 'घरी परत जा' असे सांगितले, तर तो विचारणार : कोणत्या घरी? समुद्रापलीकडच्या त्या आफ्रिकेत, की जिथून जीव मुठीत धरून पळालो त्या कापसाच्या मळ्यावर, की भाड्याच्या या खोलीत? डोरोथीची कथा या लोकांपुढे ठेवली की तिचे उत्तर बाजूला राहते आणि तिचा प्रश्नच मोठा होतो.

हा प्रश्न विचारायला त्यांच्याजवळ एक संगीत होते. 'सोल' म्हणजे आत्मा. देवळातले भजन आणि बाजारातले गाणे यांचा संगम म्हणजे हे संगीत. आपल्या कीर्तनात बुवा एक चरण म्हणतात आणि मागचे टाळकरी तो उचलून धरतात; कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही गाणाऱ्याची हाक आणि समुदायाची साद अशीच चालते. गुलामांच्या जुन्या भक्तिगीतांत 'घर' म्हणजे स्वर्ग, आणि त्याच शब्दाआड उत्तरेकडची मुक्त भूमीही दडलेली असे. मालकाला भजन ऐकू येई, गुलामाला वाट समजे. १९५० नंतरच्या दशकात रे चार्ल्स यांनी भजनाची ही ढब ऐहिक प्रेमगीतात आणली. सॅम कुक चर्चच्या गायकवृंदातून आले. अरीथा फ्रँकलिन तर धर्मोपदेशकाची मुलगी. १९५९ साली बेरी गॉर्डी यांनी डेट्रॉइटमध्ये, घरच्या लोकांकडून ८०० डॉलर उसने घेऊन, ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. तीच पुढे 'मोटाउन' नावाने जगभर गेली. गॉर्डी काही काळ मोटारीच्या कारखान्यात कामाला होते. सांगाडा एका टोकाला शिरतो आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी होऊन निघतो, ती पद्धत त्यांनी गाण्याला लावली.

१९७५ च्या ५ जानेवारीला 'द विझ' न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक नाट्यगृहात सुरू झाले. गाणी मुख्यतः चार्ली स्मॉल्स यांची, दिग्दर्शन व वेशभूषा त्रिनिदादच्या जेफ्री होल्डर यांची, आणि डोरोथी झाली होती सतरा वर्षांची स्टेफनी मिल्स. सर्व पात्रे कृष्णवर्णीय. पहिल्याच रात्री खेळ बंद करण्याची नोटीस लागली होती! परंतु दूरचित्रवाणीवरील जाहिरातींनी आणि कृष्णवर्णीय समाजातल्या तोंडी शिफारशीने नाटक तगले, आणि एरवी त्या रस्त्याला न फिरकणारी कुटुंबे नाट्यगृहात येऊ लागली. त्या वर्षी या संगीतिकेला सात टोनी पारितोषिके मिळाली आणि तिचे १६७२ प्रयोग झाले. 'होम' हे डोरोथीचे शेवटचे गीत मिल्स ज्या ताकदीने गात असे, त्याने ती घराघरांत पोहोचली. चांदीचे जोडे या नाटकात पुन्हा चांदीचे झाले, हेही लक्षात घ्यावे. बोलपटाला ओलांडून हे लोक थेट मूळ पुस्तकाशी जाऊन भिडले होते.

मग आला चित्रपट. मोटाउन व युनिव्हर्सल यांनी तो काढला आणि १९७८ च्या ऑक्टोबरात तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट, संगीताची सूत्रे क्विन्सी जोन्स यांच्याकडे, पटकथा जोएल शूमाकर यांची. या मंडळींनी दोन धाडसी बदल केले. पहिला बदल स्थळाचा. कॅन्सस गेले आणि हार्लेम आले. ओझचा देश म्हणजे खुद्द न्यूयॉर्क शहर झाले. दुसरा बदल नायिकेचा. बालिका जाऊन चोवीस वर्षांची शिक्षिका आली, आणि ती भूमिका डायना रॉस यांनी घेतली.

स्थळाचा बदल हा या चित्रपटाचा खरा प्राण आहे. ही डोरोथी १२५ व्या रस्त्याच्या दक्षिणेला कधी गेलेलीच नाही. वावटळीऐवजी हिमवादळ तिला उचलते आणि तिच्याच शहराच्या अनोळखी भागात टाकते. परका देश शोधायला समुद्र ओलांडावा लागत नाही, चार रस्ते ओलांडले तरी पुरे, हे येथे एकही भाषण न करता सांगितले आहे. १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला आणि पुढे ओस पडलेला मंडप येथे बुटक्यांचा देश होतो; भिंतीवर चित्रे काढल्याबद्दल चेटकिणीने ज्यांना भिंतीवरचीच चित्रे करून टाकले, ती पोरे डोरोथीच्या येण्याने सुटतात. पिवळ्या टॅक्सी दिसतात, पण ही मंडळी जवळ आली की त्यांच्यावर 'काम बंद' अशी पाटी उजळते. न्यूयॉर्कमध्ये हात करूनही ज्याच्यासाठी टॅक्सी थांबत नाही, त्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. भुयारी रेल्वेच्या फलाटावर कचऱ्याचे डबे दात विचकून अंगावर येतात. सिंह सापडतो तो सार्वजनिक ग्रंथालयाच्या दारातल्या दगडी सिंहाच्या पोटात.

बुजगावण्याचा प्रसंग तर मुद्दाम पाहण्याजोगा. त्या वेळी जेमतेम एकोणीस वर्षांच्या मायकेल जॅक्सन यांनी ही भूमिका केली. मूळ कथेत कावळे पीक खातात एवढेच. येथे कावळे बुजगावण्याला खांबावर टांगून ठेवतात, तू कधीच जिंकणार नाहीस असे त्याच्याकडून रोज वदवून घेतात, आणि तो ते आनंदाने म्हणतो. त्याच्या पोटात पेंढ्याऐवजी थोरामोठ्यांच्या वचनांचे कागद भरलेले आहेत. ज्ञान पोटात आहे, पण आपण निर्बुद्ध आहोत हा धडा पक्का बसला आहे. मनुष्याला बांधून ठेवायला दोरीपेक्षा हा धडा बळकट असतो. आपल्या देशात ज्यांना शतकानुशतके हाच धडा दिला गेला, त्यांना हा कावळ्यांचा वर्ग ओळखायला वेळ लागू नये.

पुढे दुष्ट चेटकिणीचा शिवणकामाचा कारखाना येतो. तेथे वाकलेले, विद्रूप मजूर राबत असतात. चेटकीण पाण्याने विरघळते आणि ते मजूर आपले जाड, ओंगळ कातडे सोलून टाकतात. आतून निघतात तरणेबांड नर्तक. गुलामाचे रूप हे त्याचे रूप नव्हतेच, लादलेले सोंग होते, हे त्या एका नाचात कळते. पाचूनगरीचे चित्रण झाले जागतिक व्यापार केंद्राच्या पटांगणावर. शेकडो नर्तक हिरव्या वस्त्रांत मिरवत असतात; वरून जादूगाराचा हुकूम येतो की आता लाल रंगाची चलती आहे, आणि सारे शहर लाल होते; मग सोनेरी होते. बॉमच्या हिरव्या चष्म्याचा हा विसाव्या शतकातला वंशज होय. २००१ साली ते मनोरे पडले, तेव्हापासून हा प्रवेश पाहताना मनात एक वेगळीच कालवाकालव होते. आणि जादूगार? तो निघतो अटलांटिक सिटीचा एक पडेल राजकारणी. रिचर्ड प्रायर यांनी त्याचे दैन्य आणि त्याची भीती दोन्ही दाखवली आहेत.

शेवटी एक शुभंकर देवी येऊन डोरोथीला सांगते की घर तुझ्या आतच आहे, स्वतःवर विश्वास ठेव. ही देवी कोण? लीना हॉर्न! जिची गाणी कापून टाकता यावीत म्हणून बेताने चित्रित करीत, तीच गायिका छत्तीस वर्षांनी या गोष्टीचा निर्णायक शब्द उच्चारते. हा तुकडा कापला तर गोष्टच संपते. माझ्या मते सबंध चित्रपटातला ऐतिहासिक न्याय या एका प्रवेशात आहे.

इतके असूनही चित्रपट पडला. खर्च झाला सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर. निर्मात्यांच्या पदरी त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक आले. टीकाकारही कठोर होते, आणि त्यांचे म्हणणे सगळेच अन्यायाचे नव्हते. नायिकेचे वय बदलले तेथे गोष्टीचा तोल ढळला. लहान मुलगी घरासाठी रडली तर आपले काळीज हलते. चोवीस वर्षांची बाई सतत रडली तर आपण कारणे विचारू लागतो. डायना रॉस यांना ही भूमिका देणे सुरुवातीला गॉर्डी यांनाही पटले नव्हते. ल्यूमेट हे 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'सारख्या, बंद खोलीतल्या माणसांच्या चित्रपटांचे थोर दिग्दर्शक. नृत्य कोठून पाहावे, पाऊल केव्हा जवळून दाखवावे, याची नजर त्यांच्यापाशी तितकी नव्हती. त्यांचा कॅमेरा पुष्कळदा नर्तकांपासून इतका दूर उभा राहतो, की शेकडो माणसे मुंग्यांसारखी दिसतात. शिवाय त्या काळच्या आत्मविकासाच्या शिबिरांची भाषा पटकथेत शिरली होती. गाण्यात जे आपोआप उमगते ते संवादात समजावून सांगितले की भजनाचे प्रवचन होते.

परंतु अपयशाचा हिशेब कसा मांडला गेला, ते पाहण्यासारखे आहे. गोऱ्या नटांचा खर्चिक चित्रपट पडतो तेव्हा तो चित्रपट वाईट होता असे म्हणतात. हा पडला तेव्हा कृष्णवर्णीयांच्या चित्रपटावर इतका पैसा लावणे वाईट, असा निष्कर्ष निघाला, आणि १९७० नंतर अशा चित्रपटांसाठी जे दार किलकिले झाले होते, ते पुष्कळ वर्षे पुन्हा लोटले गेले. एका माणसाची चूक त्याच्या सगळ्या जातीच्या नावावर मांडण्याची ही रीत आपल्याला अपरिचित आहे असे मी म्हणणार नाही.

तथापि काळाने आपला वेगळा हिशेब केला. या चित्रपटाच्या निमित्ताने क्विन्सी जोन्स आणि मायकेल जॅक्सन यांची जोडी जमली. १९७९ चा 'ऑफ द वॉल' आणि १९८२ चा 'थ्रिलर' हे संग्रह त्यातून निघाले. चार्ली स्मॉल्स १९८७ साली, त्रेचाळिसाव्या वर्षीच वारले. पण त्यांची गाणी शाळांच्या रंगमंचावर आणि समारंभांत टिकली. चित्रपट दूरचित्रवाणीवरून व घरगुती चित्रफितींवरून असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांत पोहोचला, आणि १९३९ चा बोलपट जसा एका पिढीचा सण झाला, तसा हा त्या मुलांचा झाला. २०१५ साली दूरचित्रवाणीवर या संगीतिकेचा प्रत्यक्ष प्रयोग दाखवण्यात आला, तेव्हा एकेकाळची डोरोथी, स्टेफनी मिल्स, त्यात काकू झाली होती. २०२४ साली नाटक पुन्हा ब्रॉडवेवर आले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. सूर बदलला की गोष्टीचा अर्थ बदलतो काय? मला वाटते, अर्थ बदलतो तो सूर ज्याच्या गळ्यातून येतो त्याच्यामुळे. १९३९ च्या डोरोथीला घर होते, ते तिला परत मिळाले. १९७८ च्या डोरोथीच्या लोकांना घर घडवायचे होते. जे मोडले ते परत मिळण्यासारखे नव्हतेच. म्हणून तिच्या गाण्यात घर म्हणजे जागा राहत नाही. जिथे माणसाला माणूस म्हणून ओळखतात ते घर. हा अर्थ बॉमच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. त्यांनी आपल्या अग्रलेखांत ज्यांना घराचा हक्क नाकारला, त्यांच्यासारख्याच दुसऱ्या बेघर केलेल्या लोकांनी तो त्यांच्याच गोष्टीत गाऊन घातला. लेखकाच्या हातून निसटून गोष्ट अशी मोठी होते.

म्हणून कोणी एखादी जुनी, लाडकी कथा नव्या लोकांच्या तोंडी घालू लागला, तर मूळ बिघडले अशी ओरड करण्यापूर्वी आपण थोडे कान द्यावेत. मूळ कोठे जात नाही. बॉमचे पुस्तक आहे, जूडी गार्लंड आहे. नव्या गाण्यात काही सूर चुकतील, काही प्रवेश लांबतील. पण त्या गोष्टीत आजवर ज्याला जागा नव्हती असा कोणी तरी तिच्यात येऊन बसला आहे की नाही, एवढे पाहावे. तो बसला असेल, तर गोष्टीचे घर तेवढे मोठे झाले असे समजावे.